वाचकांचे प्रश्न : कमरेवरचे शिसे

दिवाळीनंतर समुद्र निवळला की सोलापूरची मंडळी मालवण-तारकर्लीची वाट धरतात आणि परतल्यावर या सदराकडे पाण्याखालच्या अनुभवांची पत्रे येऊ लागतात. या खेपेच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे, तो म्हणजे स्कूबा करताना, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरताना, अंगावर बांधायचे वजन. कोणाची कंबर धरली, कोणाचा पट्टा घसरला, कोणाला घरीच काही शिवून घ्यायचे आहे. म्हणून आजची सगळी जागा या विषयाला दिली आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे, कारण पुढच्या उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : माझे वय ३८ आणि वजन ५८ किलो आहे. मागच्या वर्षी पुण्यात पोहण्याच्या तलावात प्राथमिक प्रशिक्षण घेतले, तेव्हा ३ मिलिमीटर जाडीच्या रबरी सूटवर मला ४ किलो शिसे पुरले होते. नंतर मालवणला तसाच सूट घालून समुद्रात उतरले, तेव्हा मात्र ८ किलोंचा पट्टा बांधण्यात आला. पट्टा दोनदा कमरेवरून घसरला, पाय सतत खाली ओढले जात होते आणि घरी आल्यावर दोन दिवस मला वाकता येत नव्हते. फेब्रुवारीत अंदमानला जायचे ठरले आहे आणि या वेळी स्वतःचे साहित्य असावे असे वाटते. साधा पट्टा घ्यावा, की हवा भरून फुगवायच्या जाकिटातच वजनाचे कप्पे असतात तसले जाकीट घ्यावे?
— एक वाचक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : तुमची तक्रार पट्ट्याबद्दल आहे, पण पत्र वाचताना मला आधी खटकले ते त्या पट्ट्यावरचे जास्तीचे २ किलो. वजन बांधण्याची कोणतीही पद्धत निवडा, गरजेपेक्षा जास्त शिसे तिच्यात भरले तर ती त्रासच देणार. म्हणून आधी किती, मग कुठे आणि त्यानंतरच कशात, या क्रमाने आपण जाऊ.

आपल्याकडे विहिरीत पोहायला शिकताना पोरांच्या पाठीला पत्र्याचा डबा किंवा सुका भोपळा बांधत असत, कारण तेव्हा काळजी बुडण्याची होती. स्कूबामध्ये नेमकी उलटी अडचण असते. फुप्फुसांतील हवा, अंगातील चरबी आणि त्याहूनही अधिक म्हणजे सूटच्या रबरात अडकलेले हवेचे बारीक बुडबुडे माणसाला वर ढकलत राहतात. शिसे बांधायचे ते केवळ हे वर ढकलणे फिटावे एवढ्यासाठी. आपल्याला बुडायचे नसते, पाण्यात अधांतरी राहायचे असते.

तलावात ४ किलो पुरले असतील, तर समुद्रात किती लागतील याचा हिशेब शाळेत शिकलेल्या प्लावक बलावरून मांडता येतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असते. तुम्ही, तुमचा सूट, भरलेली टाकी, जाकीट आणि शिसे यांचे एकूण वजन ८५ किलोंच्या आसपास धरले, तर त्याचे अडीच टक्के म्हणजे २ किलोंहून किंचित जास्त. समुद्र तुम्हाला तलावापेक्षा एवढ्याच जोराने अधिक वर ढकलतो. म्हणजे सूट आणि टाकी त्याच प्रकारची असताना ६ किलो किंवा फार तर साडेसहा किलो पुरायला हवे होते.

मग ८ किलो का बांधले गेले? यात कोणाचा निष्काळजीपणा होता असे मी म्हणणार नाही. समुद्रात नव्याने उतरणारा माणूस घाबरलेला असतो, छाती भरून श्वास घेतो आणि तो पुरता सोडत नाही. फुप्फुसांत नेहमीपेक्षा एक-दीड लिटर हवा जास्त राहिली, की तो तेवढेच एक-दीड किलो हलका होतो. शिवाय नकळत पाय मारत राहिल्यामुळे वर सरकतो. शिकवणाऱ्याला त्याला खाली टिकवायचे असते आणि त्यावर सर्वांत झटपट उपाय म्हणजे आणखी एक-दोन वजने ओवणे. दहा-पंधरा वेळा उतरल्यानंतर श्वास सावकाश होतो, तेव्हा ते जास्तीचे शिसे काढून टाकायला हवे, परंतु पुष्कळांच्या अंगावर ते वर्षानुवर्षे तसेच राहते, कारण पहिल्या दिवशी सांगितलेला आकडाच त्यांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो.

हे २ किलो काय करतात ते पाहा. त्यांना उचलून धरण्यासाठी जाकिटात २ लिटर जास्त हवा भरावी लागते. हवेचा तो फुगा छातीला वर उचलतो, शिसे कमरेला खाली खेचते आणि मधल्या मध्ये पाठीचा कणा धनुष्यासारखा ताणला जातो. तुमची कंबर धरली ती यामुळे, आणि पाय खाली ओढले जात होते तेही यामुळेच. त्यात १० मीटर खोलीवर पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे तिथली २ लिटर हवा वर येता येता ४ लिटर होऊ पाहते आणि ती वेळेवर सोडली नाही तर माणूस भरकन वर जातो. जास्त वजन बांधले म्हणजे जास्त सुरक्षित, ही समजूत मला म्हणूनच धोक्याची वाटते.

नेमके वजन ठरवण्यासाठी अंदमानात पहिल्याच दिवशी एक चाचणी करा. सगळे साहित्य अंगावर चढवून पाय तळाला टेकणार नाहीत इतक्या पाण्यात या. जाकिटातील सगळी हवा काढून टाका, रेग्युलेटर, म्हणजे टाकीतील हवा तोंडात देणारे साधन, तोंडात ठेवा, पाय एकमेकांवर ठेवून स्थिर करा आणि नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाण्याची रेषा डोळ्यांच्या पातळीवर आली पाहिजे. मग श्वास सोडा. डोके हळूहळू पाण्याखाली गेले पाहिजे. श्वास रोखलेला असतानाच डोके बुडत असेल, तर वजन जास्त आहे. श्वास पूर्ण सोडूनही कपाळ बाहेर राहत असेल, तर कमी आहे. एका वेळी अर्धा किंवा एक किलो कमी-जास्त करा. पाय हलले की चाचणी फसते, म्हणून घोटे एकमेकांत अडकवणे विसरू नका.

एवढ्यावर थांबू नका, कारण हवेलाही वजन असते. आपल्याकडे सगळीकडे दिसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या टाकीत सुमारे ११ लिटर जागा असते. ती २०० बारपर्यंत (बार हे दाबाचे माप) भरली, की आतील हवाच अडीच किलोंहून जास्त भरते आणि काटा ५० बारवर येईपर्यंत त्यातील सुमारे २ किलो तुम्ही श्वासावाटे सोडून दिलेली असते. भरलेली टाकी पाण्यात किंचित जड असते, तीच रिकामी होताना वर तरंगू पाहते. म्हणून भरलेल्या टाकीने केलेल्या चाचणीत जे वजन बरोबर ठरेल, त्यात साधारण २ किलो मिळवायचे असतात. त्याहून खात्रीची पद्धत अशी, की परत वर येताना ५ मीटरवर काही वेळ थांबतात त्या विसाव्याच्या वेळी, टाकीत ५० बार उरलेले असताना, जाकीट पूर्ण रिकामे करून पाहायचे. तशा स्थितीत तुम्ही श्वासाच्या लयीत जरा वर, जरा खाली होत जागच्या जागी राहिलात, तर तेच तुमचे वजन. तो आकडा, सूटची जाडी, टाकीचा प्रकार आणि समुद्राचे ठिकाण हे सगळे एका वहीत लिहून ठेवा. माझ्या मते स्वतःच्या साहित्यात सर्वांत आधी ही वही यावी.

आता वजन कुठे बांधायचे ते पाहू. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांचा सराव ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना हे वेगळे सांगावे लागणार नाही. ओझे किती यापेक्षा ते शरीरावर कुठे तोलले आहे, यावर सगळे अवलंबून असते. पाण्यात आपण आडवे असतो. आपल्याला वर उचलणारी फुप्फुसे छातीत असतात आणि सगळे शिसे कमरेला असले, की शरीर तराजूसारखे एका बाजूला झुकते आणि पाय खाली जातात. तुमच्या ६ किलोंपैकी ४ कमरेला ठेवा आणि उरलेले २ टाकीच्या वरच्या पट्ट्यावर लावलेल्या दोन छोट्या कप्प्यांत, म्हणजे साधारण तुमच्या खांद्यांच्या मागे, एकेक किलो असे ठेवा. बहुतेकांचे पाय एवढ्याने वर येतात. या मागच्या कप्प्यांतील वजन संकटाच्या वेळी टाकता येत नाही, म्हणून तिथे थोडेच ठेवायचे.

कमरेच्या ४ किलोंसाठी पट्टा की जाकीट, हा तुमचा मूळ प्रश्न. जाकिटातील कप्प्यांचा मोठा गुण असा, की पट्टा कमरेवर घासत नाही, घसरत नाही आणि कण्याच्या खालच्या भागावर शिशाची वडी टोचत नाही. पण टाकी आणि शिसे एकाच जाकिटाला लागले, की होडीवर ते सगळे ओझे एकदम उचलावे लागते. पाण्यात जाकीट उतरवण्याची वेळ आली, तर जाकीट खाली आणि आपण वर अशी ओढाताण होते. आणि कप्पे जागेवर राहतील याची खात्री प्रत्येक वेळी करून घ्यावी लागते. सुरुवातीच्या काळात एकदा १२ मीटरवर माझ्या भाड्याच्या जाकिटातील डाव्या बाजूचा कप्पा सुटून तळाशी गेला. त्याचा चिकटपट्टा वाळू भरून निकामी झाला होता आणि उतरण्याआधी मी तो ओढून पाहिला नव्हता. मी उजवीकडे कलंडून वर जाऊ लागलो, हाताशी आलेला खडक धरला म्हणून थांबलो आणि सोबत्याने तो कप्पा आणून परत बसवला. तेव्हापासून दोन्ही कप्पे हाताने जोरात ओढून पाहिल्याशिवाय मी पाण्यात उतरत नाही. कोणीही उतरू नये.

साधा पट्टा स्वस्त असतो, कोणत्याही भाड्याच्या जाकिटाबरोबर चालतो आणि एका हाताने सोडता येतो. तो तुम्हाला का छळला याची दोन कारणे मला दिसतात. वजने बहुधा मागे, कण्याच्या दोन्ही बाजूंना होती. ती नितंबाच्या हाडांच्या जरा पुढे, दोन्हीकडे सारखी असायला हवीत आणि कण्यावरची जागा मोकळी हवी. दुसरे कारण असे, की खोल गेल्यावर दाबाने सूट चेपतो, कंबर बारीक होते आणि वर घट्ट वाटलेला पट्टा खाली सैल पडून फिरतो. म्हणून ८-१० मीटरवर पोहोचल्यावर पोट खाली करून आडवे व्हा, म्हणजे पट्टा पाठीवर टेकेल, आणि त्याच स्थितीत तो पुन्हा ओढून घ्या. त्यासाठी बकलच्या पुढे वीतभर पट्टी शिल्लक असावी, त्याहून जास्त लोंबू नये. शिशाच्या वडीला दोन फटी असतात. पट्टी पहिल्या फटीतून वर काढून एक पीळ द्यायचा आणि मग दुसऱ्या फटीतून खाली घालायची, म्हणजे वडी जागची हलत नाही. ही एवढीशी गोष्ट फार थोडे जण दाखवतात, पण घसरण्याच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

खांद्यांवरून येणाऱ्या पट्ट्यांचे एक तिसरे साधनही मिळते. ज्यांची कंबर आणि नितंब जवळजवळ सरळ रेषेत आहेत, किंवा ज्यांना थंड पाण्यातील जाड सूटमुळे १०-१२ किलो लागतात, त्यांना ते उपयोगी आहे. तुमच्या ४ किलोंसाठी ते नको.

तेव्हा माझा सल्ला असा, की जाकीट इतक्यात विकत घेऊ नका. कप्प्यांचा मऊ पट्टा घ्या, ज्यात वड्यांऐवजी शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या बसतात आणि त्या कमरेच्या वळणाप्रमाणे बसतात. त्याबरोबर टाकीला लावायचे दोन छोटे कप्पे घ्या. दोन्ही रिकामेच न्या. देशांतर्गत विमानात सामानाला साधारण १५ किलोंचीच मुभा असते आणि शिसे तिथे भाड्याच्या साहित्याबरोबर मिळते. पिशव्या मिळतील का हे आधी फोनवर विचारून घ्या, कारण कित्येक ठिकाणी फक्त वड्याच असतात. वड्या असल्या, तर त्या तुमच्या कप्प्यांत बसतात की नाही तेही पाहावे लागेल. वीस-पंचवीस वेळा उतरून झाल्यावर भाड्याची तीन-चार प्रकारची जाकिटे अंगावर चढवून पाहिलेली असतील. तेव्हा कप्प्यांचे जाकीट हवेसे वाटले, तर खुशाल घ्या.

प्रश्न : आमचा शाळेचे गणवेश शिवण्याचा कारखाना आहे. मुलाला स्कूबाची आवड लागली आहे. वजनाचा पट्टा आणि त्याचे कप्पे पाहिले तर ते शिवायला काहीच अवघड दिसत नाहीत. आम्ही कारखान्यातच शिवले आणि शिसे भंगार बाजारातून आणून वितळवून ओतले, तर चालेल का?
— एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : शिवण्याला माझी हरकत नाही, उलट ज्या हातांनी गणवेशाचे हजारो खिसे शिवले आहेत ते हे काम नक्कीच नेटके करतील. शिसे वितळवण्याला मात्र स्पष्ट नकार आहे.

पट्ट्यासाठी सुती नवार घेऊ नका. आपल्या गावात सूत चांगले मिळते हे खरे, पण सुती पट्टी पाणी पिते, ओली झाली की बकलमध्ये सरकत नाही आणि मिठाच्या पाण्याने कुजते. ५ सेंटिमीटर रुंदीची, दाट विणीची, कडक नायलॉनची पट्टी घ्या. बाजारात मिळणारी बकले आणि वजने याच रुंदीला बसतात. धागाही पॉलिएस्टरचा किंवा नायलॉनचा असावा. जिथे ताण येतो तिथे चौकोन शिवून त्यात फुली मारा, जशी तुम्ही दप्तराच्या बंदाला मारता. कप्प्यांचा तळ जाळीचा ठेवा. तो बंद कापडाचा केला, तर वर येताना कप्प्यात पाणी भरून राहते आणि होडीत चढताना तेवढे ओझे वाढते. पट्टीचे टोक कात्रीने कापून दोरा न घालता गरम पात्याने भाजून बंद करा, नाहीतर दहा दिवसांत तंतू सुटून ते बकलमध्ये अडकू लागेल.

बकल मात्र घरचे नको. दप्तराचे प्लास्टिकचे बकल दोन बाजूंनी दाबून उघडावे लागते. थंडीने किंवा भीतीने बोटे आखडली की ते उघडत नाही. स्कूबाच्या पट्ट्याचे बकल एक पाते ओढताच सुटते आणि ते उजव्या हाताने सुटेल असेच बांधायचे, असा सर्वत्र रिवाज आहे. या रिवाजाला अर्थ आहे. तुमच्या मुलाला शुद्ध राहिली नाही, तर त्याचा पट्टा कोणीतरी दुसरा माणूस सोडणार आहे, आणि तो हाताला जे वळण असेल त्याप्रमाणेच सोडायला जाणार आहे. स्कूबाच्या अपघातांच्या तपासात बुडालेल्या माणसाच्या अंगावर सगळे वजन जसेच्या तसे राहिलेले आढळते, ही फार जुनी आणि वारंवार नोंदलेली गोष्ट आहे. बकलावर वाचवलेले शे-दोनशे रुपये मला म्हणूनच परवडणारे वाटत नाहीत. जाकिटातून ओढून काढायचे कप्पेही घरी शिवू नयेत, ते याच कारणाने. त्यांची मूठ, त्यांची खिट्टी आणि त्यांना लागणारा जोर या गोष्टी जमवून आणलेल्या असतात.

आता शिसे. भंगारातील शिसे बहुधा जुन्या बॅटऱ्यांचे असते. त्यात आम्ल असते, इतर विषारी धातू मिसळलेले असतात आणि ते तापवले की निघणारा धूर व उडणारी भुकटी श्वासातून थेट रक्तात जाते. कारखान्यात बायामाणसे दिवसभर बसून काम करतात, तयार गणवेश शाळेतील मुलांच्या अंगावर जातात. तिथे शिशाची भट्टी लावण्याचा विचारही नको. तयार वड्या विकत घ्या आणि शक्य असेल तर प्लास्टिकचा थर चढवलेल्या घ्या. हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका. चाकांच्या समतोलासाठी लावतात ती वजनेही कोणी सुचवील, पण त्यांतील कितीतरी हल्ली शिशाची नसतात, लोखंडाची किंवा जस्ताची असतात, आणि त्याने सगळा हिशेब चुकतो.

हा हिशेब कसा चुकतो ते घरीच पाहता येते. ताणकाट्याला किराणा दुकानातील एक किलोचे ओतीव लोखंडी माप दोरीने लटकवा आणि ते पाण्याने भरलेल्या बादलीत, तळाला न टेकवता सोडा. काटा साधारण ८६० ग्रॅमवर येईल. किलोभर शिसे असेच सोडले, तर तो ९१० ग्रॅमच्या जवळ थांबेल. शिसे पाण्याच्या अकरापटींहून अधिक घन असल्यामुळे थोड्या जागेत जास्त वजन बसते, म्हणून जगभर तेच वापरतात. एका किलोत हा फरक लहान दिसतो, पण लोखंडाचा गठ्ठाही दीडपट मोठा होतो आणि कमरेवर तो कुठे ना कुठे टोचतोच.

प्रश्न : वय ६२. आठ वर्षांपूर्वी कमरेच्या मणक्याची गादी सरकली होती, आता त्रास नाही. मुलगी आणि जावई लक्षद्वीपला स्कूबासाठी नेत आहेत. मला पट्टा बांधणे झेपेल का, की खांद्यावरचे साधन घ्यावे?
— एक वाचक, विजापूर रस्ता, सोलापूर

उत्तर : आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि विचारताना फक्त पोहण्याबद्दल विचारू नका. भरलेली टाकी आणि शिसे मिळून २० किलोंच्या आसपास ओझे होडीवर उभ्याने पेलावे लागते, हे त्यांना सांगा. वयामुळे हृदयाची तपासणीही करून घ्यावी.

त्यांनी होकार दिला, तर तुमच्यासाठी खरा धोका पाण्यात नाही, होडीच्या काठावर आहे. पाण्यात शिरल्यावर ओझे जाणवत नाही. मणक्यावर ताण येतो तो वाकून पट्टा उचलताना, टाकी घेऊन उभे राहताना आणि परत येताना शिडी चढताना. खांद्यावरचे साधन तोच भार खांद्यांवरून कण्याच्या पूर्ण लांबीवर टाकते, तेव्हा तुम्हाला ते मी सुचवणार नाही. सोबतच्या प्रशिक्षकांना आधीच सांगून ठेवा, की तुम्ही सूट, मास्क आणि पायांतील फिन्स घालून पाण्यात उतराल आणि हवा भरलेले जाकीट व पट्टा तुम्हाला पाण्यातच दिला जावा. ही मागणी अवघड नाही; समुद्र शांत असेल तर कोणीही ती मान्य करते. पाण्यात पट्टा घालताना तो पाठीवर घेण्यासाठी एक सोपी रीत आहे. पट्ट्याचे मोकळे टोक उजव्या हातात धरून ते उजव्या कुल्ह्याशी टेकवायचे आणि उताण्या स्थितीतून डाव्या अंगावरून वळत पालथे व्हायचे. पट्टा आपोआप पाठीवरून कमरेला गुंडाळला जातो आणि मग पालथे असतानाच बकल लावायचे. हे सोलापूरला कोणत्याही तलावात दोन किलोंवर सराव करून पाहता येईल, मात्र काठाशी आणि शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालीच.

लक्षद्वीपचे पाणी उबदार असते. तिथे पातळ किंवा अर्ध्या बाह्यांच्या सूटमध्ये तुमचे काम भागेल, आणि सूट जितका पातळ तितके शिसे कमी. थंडी वाजेल या भीतीने जाड सूट मागून घेतला, तर वजन दोन-तीन किलोंनी वाढेल. शरीर सडपातळ असेल, तर एखाद्याला २-३ किलोंतही भागते, हे तिथल्या मंडळींना मोकळेपणाने सांगा आणि वर सांगितलेली चाचणी करून मागा.

प्रश्न : मी उजनीच्या फुगवट्यात लहानपणापासून पोहतो. स्कूबाचे शिक्षण घेण्याआधी सवय व्हावी म्हणून कमरेला दगड बांधून तळ गाठण्याचा सराव केला तर चालेल का?
— एक तरुण वाचक, करमाळा तालुका

उत्तर : नाही. कृपया हे करू नका आणि मित्रांनाही करू देऊ नका.

मन्नारच्या आखातातील मोती काढणारे पाणबुडे दगडाच्या आधारेच खाली जात, हे तुम्ही ऐकले असेल. पण तो दगड त्यांच्या कमरेला बांधलेला नसे. तो दोरीला असे, पाणबुड्या त्यावर पाय ठेवून खाली जाई, तळाला लागताच दगड सोडून देई आणि वर होडीतला माणूस तो ओढून घेई. वर येताना पाणबुड्या मोकळा असे. तुमच्या बेतात नेमकी हीच मोकळीक नाही. दोरीची गाठ पाण्यात फुगून घट्ट होते आणि श्वास संपत आला की ती सोडवता येत नाही.

दगड वजनासाठीही वाईटच. बादलीतील तोच प्रयोग किलोभराच्या काळ्या दगडावर केला, तर काटा साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास येईल, म्हणजे तेवढ्याच कामाला दीडपट दगड बांधावा लागेल. शिवाय उजनीचे पाणी गढूळ आहे, त्यात मासेमारीची जाळी असतात आणि पाण्याखाली गेलेल्या गावांच्या भिंती व झाडे आहेत. पाणी उतरले की पळसदेवचे मंदिर कसे बाहेर येते ते तुम्ही पाहिलेच असेल. तसे कितीतरी काही न दिसणारे खाली आहे.

सराव करायचाच असेल, तर काठाजवळच्या उथळ पाण्यात, सोबतीला पोहणारा माणूस ठेवून, कोणतेही वजन न बांधता पाठीवर सरळ पडून राहा आणि श्वास सावकाश घेत-सोडत छाती किती वर येते, किती खाली जाते ते पाहत राहा. प्रशिक्षणाला गेलात की पहिल्या दिवशी कमरेला दोन-तीन किलोंवर भागेल असा तुमचा श्वास तयार झालेला असेल. आणि पट्टा हातात घ्याल तेव्हा तो बकल नसलेल्या टोकाने धरायला शिका. बकलाच्या टोकाने उचललात, तर सगळ्या वड्या दुसऱ्या बाजूने घरंगळून कोणाच्या तरी पायावर पडतात.